पहिल्या फेरीला मालक

विमान बांधायला घेतलं तेव्हा ते पुढे उडवावंही लागेल, हा विचार मी सोयीस्करपणे बाजूला ठेवला होता. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. पण ज्याने जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये घालवला, त्याला यात विचित्र काही वाटणार नाही. जहाज कुठे चाललंय ते बघायला वर माणसं असतात, आपण खाली यंत्र चालू ठेवायचं. मी तसला माणूस. इतकी वर्षं समुद्रावर काढली, पण समुद्र नीट पाहिला तो सुट्टीत घरी आल्यावर, मालवणच्या किनाऱ्यावरून.

माझं शेवटचं जहाज आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं राहिलं आणि उभंच राहिलं. मालकाने हात वर केले होते. जहाजावर जप्ती आली, आमचे पासपोर्ट एजंटाकडे अडकले आणि आम्ही मूठभर माणसं त्या लोखंडात अडकलो. आधी डिझेल संपलं, मग जनरेटर बंद पडला. बंद इंजिनरूममध्ये किती शांतता असते ते मला तोवर ठाऊक नव्हतं. रात्री बंदरातले दिवे दिसायचे, माणसं गाड्यांतून घरी जाताना दिसायची, आणि आम्ही पिण्याचं पाणी मापून घ्यायचो. वर्ष उलटून गेल्यावर आम्हाला सोडलं. घरी आलो तेव्हा बायकोने दार उघडलं, बघितलं, आणि आधी जेवायला वाढलं. जहाजावर काय झालं हे तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आमच्या घरात असल्या गोष्टी विचारत नाहीत.

त्यानंतर मी एसटीत बसेनासा झालो. मागच्या सीटवर बसलो आणि दार बंद झालं की अंगाला घाम फुटायचा. लग्नाला जायचं टाळायचो, देवळातल्या गर्दीतून मागच्या मागे सटकायचो. सगळ्यांना वाटायचं, एवढी वर्षं बाहेर काढली, आता त्याला घर सोडवत नाही. बरं दिसायचं ते कारण. मीही तेच पुढे केलं.

घरामागच्या बागेत आमचा मांगर आहे. गवत, नारळाची सोडणं, फाटकी जाळी असलं सामान ठेवायची मोठी खोप. तिथे मी हे विमान सुरू केलं. दोन माणसांचं, लाकडी सांगाड्याचं, वरून कापड ताणलेलं. परदेशातून नकाशे मागवले, तसंच हलकं लाकूडही. बाबांना ते लाकूड बघून हसू आलं. बाबा जुने तांडेल, स्वतःच्या होडीचे मालक, वय ऐंशीच्या पलीकडे. त्यांनी माझ्या परसातला फणस दाखवला आणि ह्याच्या फळ्या काढ म्हणाले, पाण्यात वीस वर्षं काही होत नाही. हे पाण्यात जायचं नाही, असं मी सांगितलं. त्यांनी जाता जाता एक पट्टी दोन बोटांनी वाकवून बघितली आणि परत जागेवर ठेवली.

आमच्याकडे पावसात डिंक वाळत नाही, पापड वाळत नाहीत, माणसांची डोकीही वाळत नाहीत. विमानाचं लाकूड चिकटवायचं तर हवा कोरडी लागते. म्हणून मी मांगराच्या आत जाड प्लास्टिकची एक खोली केली. चारी बाजूंनी पट्टी मारून बंद, आत रात्रंदिवस पेटलेले बल्ब आणि भिंतीला लटकवलेला दमट हवा मोजायचा काटा. आषाढ-श्रावणात मी त्या खोलीत शिरायचो तो जेवायलाच बाहेर यायचो. चहा प्लास्टिकच्या फटीतून आत यायचा. एसटीचं दार बंद झालेलं ज्याला सोसत नाही त्याने स्वतःला प्लास्टिकमध्ये बंद करून घ्यावं, यातली गंमत मला तेव्हा कळली नाही. ते दार माझ्या हातात होतं, एवढाच फरक. मी आत सुखी होतो. पंखाची एकेक फासळी उभी राहायची, तिला चिमटे लावायचे, दुसऱ्या दिवशी चिमटे काढायचे. कापड ताणायला बायकोची इस्त्री घेतली. ती तिने परत घेतली नाही, नवी आणली.

इंजिन आलं तेव्हा मला खरंच हसू आलं. जहाजावर ज्या इंजिनाच्या पोटात मी शिडी लावून उतरायचो, त्याच्यासमोर हे दोन सिलिंडरचं पिल्लू मांडीवर घेऊन बसता येत होतं. ते बसवलं, तेलाच्या नळ्या जोडल्या, उंचीचा, वेगाचा, तेलाच्या तापमानाचा असे काटे लावले, रेडिओ लावला. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा बागेतली वानरं पार खाडीपर्यंत पळाली. बायको घराजवळ पर्यटकांसाठी न्याहरी-निवास चालवते. घावणे खाता खाता पर्यटक मांगराकडे बोट दाखवायचे आणि ती सांगायची की हे आमच्या ह्यांचं विमान, उडणार आहे. तिच्या आवाजातला तो अभिमान ऐकला की मी पाना घेऊन विमानाखाली शिरायचो.

उडवणं शिकावं लागणारच होतं, कारण परवान्याशिवाय कागद पुढे सरकेना. हवाई दलातून निवृत्त झालेले एक अधिकारी घाटावर लहान विमानांचं शिक्षण देतात. त्यांनी मला शिकवलं. ते शेजारी बसलेले असले की मी बरा होतो. एकट्याने उडायची वेळ आली तेव्हा मी उडालो, उतरलो, आणि खाली आल्यावर माझा डावा हात विमान वळवायच्या दांड्यावरून सुटेना. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. कुणाला काही बोलले नाहीत. परवाना मिळेपर्यंत जेवढं एकट्याने उडावं लागतं तेवढं मी दातओठ खाऊन उडालो. मला उंचीची भीती नव्हती. वर गेल्यावर मनात येईल तेव्हा बाहेर पडता येत नाही, एवढीच गोष्ट होती. ती मी कुणाला सांगितली नाही, कारण ज्याने विमान बांधलंय त्याने हे सांगायचं कोणत्या तोंडाने?

माझा सगळा भरवसा सरकारवर होता. कागद दिल्लीला जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. किनारपट्टी म्हणून पोलिसांचा वेगळा दाखला, त्याला वेगळं उत्तर. सरकारी दिरंगाईवर इतकं मनापासून प्रेम केलेला माणूस आमच्या जिल्ह्यात दुसरा नसेल. दरम्यान मी विमानात सुधारणा करत राहायचो. एक सीट काढून पुन्हा बसवली. रंग दोनदा दिला. आणि मग एके दिवशी, मी गाफील असताना, परवानगी आली.

माझी योजना अशी होती की पहिलं उड्डाण मला शिकवणाऱ्या अधिकाऱ्यांनी करावं. जगात सगळीकडे असंच करतात. नवं विमान आधी जाणत्या माणसाने तपासून घ्यावं. ते तयारही होते. पण आमच्या वाडीची रीत वेगळी आहे. नवी होडी पाण्यात गेली की पहिल्या फेरीला मालक बसलाच पाहिजे. मालक आजारी असला तर होडी थांबते. जो स्वतः बसत नाही, त्याच्या होडीत खलाशी का बसतील, असा साधा हिशेब त्यामागे आहे. बाबांनी हे बोलून दाखवलं नाही, त्यांनी ते गृहीतच धरलं होतं. मग दोघं मिळून बसू, अशी पळवाट मी काढली. अधिकाऱ्यांनी ती तिथल्या तिथे बंद केली. पहिल्या उड्डाणाला विमानात एकच माणूस असतो, तुम्ही किंवा मी, असं ते म्हणाले. मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "तुम्हाला उडायचंय का?"

बायको चहा घेऊन शेजारी उभी होती. मी हो म्हटलं.

इकडे आड, तिकडे विहीर. त्यातून सुटायला मला एकच वाट दिसली, ती म्हणजे देव. आमच्याकडे काही मोठं करायचं झालं की ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघत बसतो. उजव्या बाजूची पाकळी पडली तर होकार, डाव्या बाजूची पडली तर नकार. डावा कौल आला तर कुणी मला नावं ठेवणार नव्हतं. देवाने नाही म्हटलं म्हटल्यावर अधिकारी उडवतील, मी खाली उभा राहून टाळ्या वाजवीन. मी स्वतः बाबांना सुचवलं की कौल लावून या. इतकी श्रद्धा माझ्यात कुठून आली म्हणून बायकोने माझ्याकडे बघितलं.

बाबा सकाळी गेले. देवळात गुरव आणि ते, दोघंच. मी मांगराच्या दारात उभा होतो. मी उभ्या आयुष्यात देवाकडे काही मागितलं नव्हतं. जहाजावर इतर सगळे मागायचे, तेव्हाही मी मागितलं नव्हतं. त्या दिवशी मात्र डावा कौल मागितला, अगदी मनापासून. दुपार झाली. बाबा काठी टेकत बागेतून आले, माझ्यासमोर थांबले, माझ्या तोंडाकडे थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "उजवो."

एवढंच म्हणून ते आत जेवायला गेले.

नंतरचे दिवस कसे गेले ते सांगताना अजून मला राग येतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. वाडीतल्या सगळ्यांना कळलं होतं की देवाने उजवा दिलाय. माणसं रस्त्यात थांबवून पाठ थोपटायची. विजयदुर्गच्या वाटेवर आमच्या भाऊबंदांचा सामाईक सडा आहे, जांभ्या दगडाचा सपाट माळ. त्यावर धावपट्टी करायला सगळे भाऊबंद एका बैठकीत कबूल झाले. सामाईक जमिनीवर आमच्या घराण्याचं एकमत, हा चमत्कार त्याआधी कुणी पाहिला नव्हता. माणसांनी दगड वेचले, खड्डे भरले. मी मनातून एखादा तरी भाऊ कोर्टात जाईल म्हणून वाट बघत होतो. एरवी बांधावरच्या काजूसाठी कोर्टात जाणारी माणसं ही, आणि नेमकी तेव्हाच शहाणी झाली.

आंब्याच्या पेट्या नेणाऱ्या टेंपोतून विमान सड्यावर गेलं. पंख वेगळे, धड वेगळं. आम्ही ते तिथे जोडलं. समुद्रावरून खारं वारं सुटायच्या आत उडायचं म्हणून सकाळची वेळ धरली. सड्यावर ही गर्दी. बाबांना एका दगडावर बसवलं होतं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, लोकांनी ठरल्या जागी "व्हय म्हाराजा" म्हटलं, नारळ फुटला. अधिकाऱ्यांनी विमानाभोवती फिरून एकेक बोल्ट हाताने तपासला. एक फेरी मारायची आणि उतरायचं, दुसरं काही करायचं नाही, असं त्यांनी बजावलं. मी आत बसलो, पट्टे आवळले. त्यांनी वरचं पारदर्शक झाकण बंद केलं आणि बाहेरून थाप मारली. झाकण बंद झाल्यावर बाहेरचा सगळा आवाज गेला. जहाजावर जनरेटर बंद पडला होता तेव्हाही असंच झालं होतं.

विमान मात्र उडालं. मी काही विशेष केलं नाही. वेग आला, दांडा थोडा मागे घेतला आणि खालचा खडखडाट थांबला. सडा संपला की तिथे कडा आहे, त्याखाली एकदम खाडी. जमीन पायाखालून निघून गेली. समुद्र दिसत होता, किनाऱ्याच्या माडांची रांग दिसत होती. लोक मला आजही विचारतात की वरून आपलं गाव किती सुंदर दिसत असेल. दिसत असेल. मी तेलाच्या तापमानाचा काटा बघत होतो.

दुसऱ्याने बांधलेल्या विमानात माणसाला निदान अज्ञानाचं सुख असतं. मला प्रत्येक सांधा पाठ होता. उजव्या पंखातली एक फासळी मी पावसात वीज गेलेली असताना, बल्ब विझलेले असताना चिकटवली होती. तिच्याबरोबर चिकटवलेला नमुन्याचा तुकडा नंतर ताणून तपासला होता, तो भक्कम निघाला होता, हेही मला पाठ होतं. पण तिथे बसल्यावर भक्कम निघालेलं आठवत नव्हतं, विझलेले बल्ब आठवत होते. घाम डोळ्यांत जात होता आणि हात सोडून पुसायची सोय नव्हती. मला उतरायचं होतं, त्याच क्षणी, आणि त्या क्षणी उतरता येणार नव्हतं.

फेरी पुरी करून सड्याकडे वळलो. फार उंच राहिलो होतो. पट्टी खालून सरकत चालली होती तरी विमान टेकेना. पलीकडचा कडा समोर आला. रेडिओवर अधिकाऱ्यांचा शांत आवाज आला, "घाई नाही. परत फिरा." म्हणजे पुन्हा वर जायचं होतं. जमीन हाताच्या अंतरावर असताना ती सोडून पुन्हा त्या सगळ्यात शिरायचं. मी इंजिनाला पूर्ण जोर दिला आणि ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. रेडिओचं बटण दाबलेलं नव्हतं, एवढं नशीब.

दुसऱ्यांदा उतरलो. एक उडी खाल्ली, पण उतरलो. विमान थांबलं तसं झाकण मी आतून ढकललं, ते जवळजवळ उपटलंच. लोक धावत आले. कुणी हार घातला. बायको रडत होती आणि हसत होती. अधिकाऱ्यांनी या खेपेलाही माझ्या डाव्या हाताची बोटं सोडवली, आणि लोकांना वाटलं ते हस्तांदोलन करतायत.

गर्दी नाश्त्याकडे वळली तेव्हा बाबांनी मला काठीने खुणावलं. ते दगडावरून उठले नव्हते. सकाळपासून त्यांनी पाणीही घेतलं नव्हतं, असं बायको मला नंतर म्हणाली. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. त्यांनी आजूबाजूला कुणी नाही हे बघून घेतलं.

"कौल पडाक नाय हुतो," ते म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी दुपारपर्यंत एकही पाकळी हलली नव्हती, उजवी नाही की डावी नाही. गुरवाने सोमवारी पुन्हा लावू म्हणून पूजा आवरली. बाबा घरी आले, तर मी मांगराच्या दारात उभा होतो.

"तुझा तोंड बगलंय," ते म्हणाले. "तुका डावो व्हयो हुतो. डावो म्हटलंय असतंय तर तू परत त्या प्लास्टिकात जावन बसलंस असतंस. माका वाटला, मरतलोच तर भायर मरांदे."

मला भयंकर राग आला. या माणसाने देवाच्या नावावर मला आकाशात ढकललं होतं. काही झालं असतं तर काय तोंड दाखवणार होतात, असं मी विचारलं. त्यांनी खाली बघितलं. तसं झालं असतं तर देवाला कुणी बोल लावू नये म्हणून खोटं माझं होतं हे तेव्हा सगळ्यांना सांग, तोवर गप्प राहा, असं गुरवाला आधीच बजावून ठेवलंय, म्हणाले. ते गावात आजवर एकदाही खोटं बोललेले नव्हते, ते देवाच्या नावाने पहिल्यांदा बोलले होते. मला हे कळत होतं आणि तरी राग जात नव्हता. आणि त्या रागाच्या भरात, जहाजावरून आल्यापासून जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तोंडातून बाहेर पडलं.

"माका भिती वाटता, बाबा. त्या बोटीर असल्यापासून वाटता. दार बंद झाला की जीव जाता माझो. माका ह्या उडवूचा नाय, कधीच उडवूचा नव्हता."

बाबांनी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या विमानाकडे, पंखापासून शेपटीपर्यंत.

"एवढाच सांगूक," ते म्हणाले, "तू एवढा इमान बांदलंस?"

ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी होय म्हटलं. मग मला रडू फुटलं, पलीकडे एवढे लोक असताना, हार गळ्यात असताना, आणि बाबांनी दगडावर सरकून मला शेजारी बसायला जागा केली.